गव्हात उंदीर वाढलेत, पण घुबड आणि कापशी घार मरायला नकोत: कोणतं औषध, किती आणि कसं?

नीराकाठ विचारतात:

गहू सहा एकर, फुटव्यात आहे. शेजारी खोडवा ऊस, मध्ये चार फुटी बांध. बांधावर आणि उसाच्या कडेने मिळून साठ-सत्तर बिळं दिसतात, बहुतेकांच्या तोंडाशी भुसभुशीत ताज्या मातीचे ढीग. फुटवे जमिनीपासून तिरके कुरतडून पडलेत.

दुकानात ब्रोमाडिओलोनच्या वड्या घ्या म्हणाले, बांधावर दहा-दहा पावलांवर टाकायच्या आणि विसरून जायचं. शेजारच्या रानात तसंच झालं. नंतर विहिरीजवळ गव्हाणी घुबड दिवसाढवळ्या जमिनीवर पंख पाडून बसलेलं दिसलं, दुसऱ्या दिवशी मेलं. त्यामुळे चार प्रश्न:

१. घुबड त्या वड्यांनीच मेलं असेल का? त्याने वडी तर खाल्लेली नाही.
२. झिंक फॉस्फाईड जास्त सुरक्षित का?
३. दोन्ही वापरायची पद्धत मापासकट सांगा.
४. पुन्हा असं पाखरू सापडलं तर काय करायचं?

---

कडूनिंब यांचं उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तो नीट कळला की बाकीचं सोपं जातं.

घुबडाने वडी खाल्ली नाही, वडी खाल्लेले उंदीर खाल्ले. ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही. शरीरात रक्त गोठवणारे घटक तयार व्हायला व्हिटॅमिन के लागतं आणि ते पुन्हा पुन्हा वापरात आणायची यंत्रणा यकृतात असते. हे विष तीच बंद पाडतं. पण रक्तात आधीचे घटक शिल्लक असतात, ते संपेपर्यंत उंदराला काहीच जाणवत नाही. म्हणून तो मरायला चार ते दहा दिवस घेतो आणि त्यातले पहिले तीन-चार दिवस मजेत वडी खात राहतो.

आता हिशोब बघा. वडीत विषाचं प्रमाण ०.००५ टक्के, म्हणजे एक ग्रॅम वडीत ०.०५ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर किलोमागे साधारण एक मिलिग्रॅमच्या थोडं वर घातक ठरतं. अडीचशे ग्रॅमचा उंदीर धरला तर पाच-सहा ग्रॅम वडी त्याला पुरते. तो एका रात्रीत वीस ग्रॅम सहज खातो. तीन रात्री वड्या समोर पडून राहिल्या तर साठ ग्रॅम, म्हणजे स्वतःला मारायला लागतं त्याच्या दहापट. त्यातलं काही विष्ठेतून निघून जातं, पण यकृतात बसलेलं महिनोन् महिने हलत नाही. असा उंदीर म्हणजे चार पायांवर फिरणारी विषाची पुडी.

आणि तो फिरतोच. शेवटच्या दोन दिवसांत सुस्त होतो, बीळ सोडून उघड्यावर येतो, उजेडातही बसून राहतो. गव्हाणी घुबड, हुमा घुबड, कापशी, मुंगूस, रानमांजर, खोकड यांना नेमका असाच उंदीर आधी सापडतो. घुबडाने असे तीन-चार उंदीर आठवड्याभरात गिळले की त्याच्याही यकृतात साठा होतो. मरतं ते बहुधा अंगाआत रक्तस्राव होऊन. नाही मेलं तरी अशक्त होतं, आणि अशक्त घुबड रस्त्यावर गाडीखाली येतं किंवा विहिरीत पडतं.

मलेशियात तेलताडाच्या मळ्यांत हे १९८०च्या सुमारास नोंदलं गेलं. वॉरफरिन हे याच गटातलं, रक्त गोठू न देणारं जुनं विष होतं तोवर गव्हाणी घुबडं मळ्यांत टिकून होती, पुढच्या पिढीची जहाल आमिषं आली आणि त्यांची संख्या घसरली. ब्रिटनमध्ये मेलेल्या गव्हाणी घुबडांची यकृतं वर्षानुवर्षं तपासली जातात, दहातल्या आठांहून अधिक पक्ष्यांत या गटाच्या विषाचा अंश सापडतो. सगळी त्यानेच मेलेली नसतात, पण विष किती दूर पोचतं ते त्यातून कळतं.

---

भरडधान्य यांचं उत्तर:

दुसरा आणि अर्धा तिसरा प्रश्न घेतो.

झिंक फॉस्फाईड ही काळपट राखाडी भुकटी, लसणासारख्या वासाची. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फिन वायू सुटतो, उंदीर काही तासांत मरतो. यकृतात वगैरे साठत नाही. धोका उरतो तो मेलेल्या उंदराच्या पोटातल्या न पचलेल्या दाण्यांचा. कुत्र्या-मांजराला या विषाने उलटी होते, उंदराला उलटी करताच येत नाही. पुष्कळ शिकारी पक्षी आतडी टाकून देतात, मात्र गव्हाणी घुबड उंदीर बहुतेकदा अख्खा गिळतं. तेव्हा घुबडासाठी धोका कमी, पण शून्य नाही.

दाणे टिपणाऱ्यांसाठी मात्र हेच विष जास्त वाईट. मोर, लांडोर, तित्तीर, लावा, होला, पारवा यांच्यासाठी बांधावर उघडा पडलेला विषारी भरडा म्हणजे सरळ मृत्यू. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, मेला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. म्हणजे कोणतं विष सुरक्षित, याला एकच उत्तर नाही. ब्रोमाडिओलोन उंदीर खाणाऱ्याला मारतं, झिंक फॉस्फाईड दाणे खाणाऱ्याला. बिळाच्या आत ठेवलं तर दुसरा धोका जवळजवळ संपतो. पहिला संपत नाही, कारण उंदीर बिळातून बाहेर येतोच. म्हणून सुरुवात झिंक फॉस्फाईडने करा, असं माझं ठाम मत.

पद्धत:

पहिला दिवस, संध्याकाळ: सगळी बिळं मातीने बुजवा, एकही सोडू नका.

दुसरा दिवस, सकाळ: जी उकरलेली दिसतील तीच जिवंत. त्यांच्याजवळ काडी रोवा. सत्तर बिळांत जिवंत वीस-पंचवीसच निघतात, कारण एकाच उंदराची तोंडं अनेक. त्या प्रत्येकात बिनविषारी भरडा वीस ग्रॅम: गहू किंवा ज्वारीचा भरडा अथवा तांदळाची कणी, त्याला गोडेतेल चोळलेलं. हे सलग दोन-तीन दिवस. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच सगळं बिघडतं. उंदीर नवीन चीज आधी चाखून बघतो. थोडं चाखून पोट दुखलं आणि जगला, तर तो ती चव पुन्हा तोंडात घेत नाही.

चौथा किंवा पाचवा दिवस, दुपारनंतर: ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड. आधी भरड्याला तेल लावा, मग भुकटी टाकून लाकडी काठीने ढवळा. हातमोजे, नाकाला फडकं, वाऱ्याकडे पाठ, आणि काम घराबाहेर. ताक, दही, चिंच असलं आंबट काही मिसळू नका, वायू तुमच्याच नाकाशी सुटेल. दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या करून प्रत्येक जिवंत बिळात वीतभर आत सारा आणि तोंडावर गवताची मूठ किंवा ढेकूळ ठेवा. लागेल तेवढंच कालवा: पंचवीस बिळांना अडीचशे ग्रॅम पुरतं. उरलेलं दोन फूट खोल गाडा, घरी आणू नका. भांडं आणि काठी पुन्हा दुसऱ्या कामाला नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत फिरून मेलेले उंदीर आणि बाहेर ओढून आणलेल्या पुड्या उचला. कावळे उजाडताच हजर असतात.

गव्हाला पाणी द्यायचं असेल तर ते आधी किंवा चार दिवसांनी. बांध ओला झाला की पुडी भिजते, विष उतरतं आणि अर्धवट मात्रेने उंदीर शहाणा होतो.

---

खोकडवाट यांचं उत्तर:

वरचं सगळं बरोबर आहे, पण एक गोष्ट आधी तपासा. ते घुबड खरंच ब्रोमाडिओलोननेच गेलं का? फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी जुन्या पिशव्यांतलं फोरेट किंवा दुसरं एखादं जहाल कीटकनाशक पिठाच्या गोळ्यांत घालून उंदरांना ठेवणारे आजही आहेत. ते उंदरांचं औषध नाहीच. ते सगळ्यांनाच मारतं, मेलेल्याला खाणाऱ्यालाही, आणि गोळी वळणाऱ्या माणसाच्या कातडीतूनही आत जातं.

मेलेलं जनावर बघून बरंच कळतं:

पक्ष्याच्या पायांची बोटं घट्ट मुठीसारखी आवळलेली, चोचीतून लाळ, शेजारी माश्या आणि मुंग्याही मेलेल्या: फोरेटच्या जातीचं कीटकनाशक. गळ्याची पिशवी दाण्यांनी गच्च, आमिषाच्या जागेपासून थोड्याच अंतरावर मेलेला होला किंवा तित्तीर, लसणासारखा वास: झिंक फॉस्फाईड. नाकपुडीशी किंवा गुदाशी रक्त, तोंडाची आतली बाजू पांढुरकी फिकट, छातीच्या मांसात काळेनिळे डाग, अंगावर जखम नाही: रक्त न गोठण्याचं विष. तुम्ही सांगितलेलं, पंख पाडून दिवसा जमिनीवर बसणं, या शेवटच्या प्रकाराशी जुळतं.

खात्री फक्त यकृताच्या तपासणीने होते. किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमच्या पुढे अंश निघाला तर तो घातक पातळीचा धरतात. पण शव स्वतः कापू नका. मेलेलं पाखरू ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, दोन पिशव्यांत बांधून, थंड जागी ठेवून लगेच वनविभागाला कळवा. नंबर १९२६, हॅलो फॉरेस्ट.

---

नीराकाठ:

फार उपयोगी. सांगितल्याप्रमाणे बिळं बुजवली, सकाळी तेवीस उकरलेली निघाली. शेजारच्या बांधावर वड्या पडल्यात तिथे उंदरांच्या लेंड्या हिरव्यागार दिसतात, त्याचा अर्थ काय? आणि झिंक फॉस्फाईडने जे उरतील त्यांचं काय करायचं?

---

कडूनिंब यांचं उत्तर:

हिरव्या लेंड्या म्हणजे वडीतला रंग पोटातून पार झाला. कंपनीगणिक रंग वेगळा, पण खूण पक्की: तिथले उंदीर वडी खातायत आणि अजून जिवंत आहेत. रंगीत लेंड्यांची वाट कुठून कुठे जाते ते बघा, मेलेले उंदीर त्याच पट्ट्यात सापडतील. शेजाऱ्याशी बोला आणि उघड्या वड्या आजच उचला. हातमोज्याने, डब्यात.

उरलेल्यांसाठी: झिंक फॉस्फाईडनंतर तीन-चार दिवसांनी पुन्हा सगळी बिळं बुजवा. तेवीसमधली चार-सहा पुन्हा उकरलेली दिसतील. ते चाखून वाचलेले उंदीर, त्यांना झिंक फॉस्फाईड पुन्हा देऊन उपयोग नाही. इथे, आणि फक्त इथे, ब्रोमाडिओलोनला जागा आहे. ०.२५ टक्के भुकटी २० ग्रॅम, तेल २० ग्रॅम, भरडा ९६० ग्रॅम असं कालवलं की ०.००५ टक्के होतं. याच प्रमाणात थोडं करा: सहा बिळांना शंभर ग्रॅम. तयार वडी असेल तर तिचे तुकडे. प्रत्येक बिळात पंधरा ग्रॅम, एकदाच, बिळाच्या आत.

एकदाच का, तर माझा वरचा हिशोब आठवा. पंधरा ग्रॅम एका उंदराला पुरून उरतं. रोज भरत राहिलात तर जास्त उंदीर मरत नाहीत, तेच उंदीर जास्त विषारी होतात. सात दिवस थांबा, पुन्हा बिळं बुजवून बघा, उकरलेल्यातच दुसरी मात्रा. साठ बिळांत एकदम वड्या टाकणं आणि पाच बिळांत मोजून ठेवणं, यातला फरक घुबडाच्या जिवाचा आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, जे डब्यावर बारीक अक्षरांत असतं आणि कुणी करत नाही: मात्रेनंतर तिसऱ्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत रोज दोनदा फेरी. पहाटे आणि दिवस मावळायच्या जरा आधी, म्हणजे घुबड निघायच्या आत. मेलेला असो की सुस्त बसलेला, चिमट्याने उचलायचा आणि दीड-दोन फूट खोल गाडायचा. उकिरड्यावर, ओढ्यात किंवा पाचटात फेकलेला उंदीर म्हणजे मुंगसाचं आणि कुत्र्याचं ताट. जाळलात तर पूर्ण राख होईपर्यंत जाळा.

---

भरडधान्य यांचं उत्तर:

एक भर, आणि ही कळकळीने. काळ्या शेती-उंदराच्या बिळात आत कोठार असतं, त्यात ओंब्या आणि दाणे साठवलेले असतात. ठेवलेलं आमिषही तो तिथे नेऊन ठेवतो. सुगीनंतर बिळं खणून हे धान्य काढणारी आणि उंदीर धरून खाणारी माणसं आपल्याकडे आहेत. ज्या बांधावर विष ठेवलं तिथे लाल फडकं बांधा आणि रानात येणाऱ्या मजुरांना, मेंढपाळांना तोंडी सांगा. हंगाम संपेपर्यंत त्या बांधावरचं एकही बीळ कुणी खणू नये.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणी सुचवेल. त्या शेतकऱ्याने वापरायच्या नाहीतच, परवानाधारकाचं काम आहे. शिवाय बिळात वायू सोडला की आत कोण आहे ते विचारत नाही. उंदराच्या जुन्या बिळात धामण, नाग, घोरपड, बेडूक सगळे राहतात, आणि धामण तर उंदरांसाठीच आत शिरलेली असते. चिकट पुठ्ठेही रानात नकोत, त्यावर सापसुरळ्या आणि चिमण्या जिवंत अडकून मरतात. मासळीची जुनी जाळी बांधाला लावू नका, साप खवल्यांत दोरा रुतून अडकतो.

तेवीसच बिळं असतील तर दहा-बारा चाप आणि पिंजरे बांधावर वाटेत लावून बघाच. आमिष म्हणून भाजलेलं खोबरं किंवा तळलेली भजी. चाप उंदराच्या वाटेला आडवा, भिंतीला किंवा बांधाला टेकून, आणि दिवसा बंद, नाहीतर पाखरं अडकतात.

---

पशुधन यांचं उत्तर:

चौथ्या प्रश्नाचं उत्तर.

आजारी घुबड किंवा कापशी सापडली तर जाड टॉवेल डोक्यावरून टाका, पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचला, पायांची नखं सांभाळा. पुठ्ठ्याचा खोका, आठ-दहा भोकं, खाली जुनं कापड, झाकण बंद, अंधार आणि शांतता. पाणी, दूध, मांस काही तोंडात घालू नका, श्वासनलिकेत जाऊन पाखरू दगावतं. या विषात लहानशा खरचटण्यानेही रक्त थांबत नाही, म्हणून जितकं कमी हाताळाल तितकं बरं. १९२६ वर फोन करा. घरी पाळून बरं करणं कायद्यात बसत नाही आणि बहुधा जमतही नाही.

ब्रोमाडिओलोनवर उतारा आहे: व्हिटॅमिन के-१. दुकानात कधी के-३ देतात, तो या विषावर चालत नाही. पाखराची मात्रा वजनावर पशुवैद्यक ठरवेल. कुत्र्याने वडी खाल्ली तर पहिल्या दोन-तीन तासांत नेलंत तर उलटी करवून बरंच विष काढता येतं. नंतर तोंडावाटे के-१, साधारण चार आठवडे, स्निग्ध खाण्याबरोबर. लोक आठव्या दिवशी कुत्रं टुणटुणीत दिसतं म्हणून गोळ्या थांबवतात आणि पंधराव्या दिवशी ते मरतं, कारण यकृतातलं विष अजून तिथेच असतं. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासून मगच उपचार संपला म्हणा. स्नायूत इंजेक्शन देऊ नये, तिथेच रक्त साकळतं.

झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. कुत्र्याने खाल्लं तर घरात ओकू देऊ नका, ओकारीतून फॉस्फिन सुटतो आणि तो माणसालाही बाधतो. अंगणात, मोकळ्या हवेत ठेवा, खायला काही देऊ नका, दवाखान्यात नेताना गाडीच्या काचा उघड्या.

---

खोकडवाट यांचं उत्तर:

पुढच्या हंगामासाठी दोन शब्द, कारण डिसेंबरात सुरू केलेली मोहीम ही उशिराचीच.

योग्य वेळ मे-जून. रान मोकळं, बिळं उघडी दिसतात, खायला कमी म्हणून आमिष लगेच घेतात, आणि तेव्हा मारलेली एक मादी म्हणजे सुगीतली अख्खी पिलावळ कमी. एकट्याच्या सहा एकरांत मात्र काही साधत नाही, उसातून महिन्याभरात भरपाई होते. बांधाला बांध लागलेल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायचं. चार फुटी बांध ही उंदरांची वसाहत आहे, तो निम्म्यावर आणा. खोडव्याच्या कडेचं लोळलेलं पाचट आणि गवत काढा.

घुबडासाठी पेटी: दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, जाड प्लायवूडची. दार सहा इंची चौकोनी, तळापासून सहा-सात इंच वर, म्हणजे पिल्लं बाहेर पडत नाहीत. तळाला पाणी निघायला चार भोकं, त्यावर दोन इंच लाकडाचा भुसा. बारा-पंधरा फुटांवर, पश्चिमेचं ऊन आणि पावसाचा मारा चुकवून, हमरस्त्यापासून लांब. खांबाला पत्र्याची पट्टी, मांजर चढू नये म्हणून. शिवाय गव्हात दहा फूट उंचीचे इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे एकरी चार-पाच. किडींसाठी लावतो ते बुटके थांबे घुबडाला उपयोगाचे नाहीत.

इस्रायलमध्ये १९७५-७६ च्या हिवाळ्यात हुला खोऱ्यात शेतातल्या उंदरांवर मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक फवारलं आणि शेकडो शिकारी पक्षी मेले. पुढे १९८३ मध्ये स्दे एलियाहू या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, घुबडांच्या पेट्या लावायला सुरुवात झाली, नंतर जॉर्डनचे शेतकरीही त्यात आले. तिथलेही कुणी म्हणत नाही की घुबड एकटं उंदरांची लाट थोपवतं. पण जोडी स्थिरावली की लाट यायच्या आधीचं काम ती रोज रात्री करते, आणि त्याच बांधावर उघड्या वड्या असतील तर ती जोडी आधी जाते.

पेटीखाली घुबडाने ओकलेल्या काळ्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडतात. कोमट पाण्यात भिजवून टाचणीने उकला: केसांत गुंडाळलेल्या उंदरांच्या अख्ख्या कवट्या निघतात, पिवळ्या-नारिंगी पुढच्या दातांसकट. महिन्याभराच्या गोळ्या मोजल्या की तुमच्या रानातून किती उंदीर गेले ते कळतं. गोळीच्या आत हिरवा रंग दिसला तर आसपास कुणीतरी वड्या टाकल्यात असं समजा आणि त्याच दिवशी बांध फिरून या.